मोटारीचा पट्टा : घरच्या घरीं

खामगांवच्या कापसाच्या बाजाराशीं ज्यांच्या घराण्याचा एक-दोन पिढ्यांपूर्वीं संबंध आला असेल, त्यांना यंत्राच्या पट्ट्याची ओळख नव्यानें करून देण्याची गरज नाहीं. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत रेल्वेचा फांटा आला, तो मुख्यतः कापसासाठींच. आणि त्या कापसाच्या मागोमाग वाफेचीं एंजिनें, सरकी काढण्याचे रेचे व गांठी बांधण्याचे प्रेस या जिल्ह्यांत आले. जिनाच्या फरशीखालून एक लांब पोलादी दांडा फिरत असे आणि त्यावरून प्रत्येक रेच्याकडे एकेक रुंद पट्टा, चामड्याचा किंवा जाड कॅनव्हासाचा, गेलेला असे. पट्टा निसटला कीं रेचा मुका होई. खेड्यांतील पिठाच्या गिरणीचा पट्टा तर लहान मुलांनाहि ठाऊक होता. दळणाचा डबा घेऊन गेलेल्या पोरानें त्याच्या जवळपास फिरकूं नये, अशी घरून सक्त ताकीद असे आणि ती योग्यच होती.

तोच पट्टा, आकारानें पुष्कळ लहान होऊन, आज आपल्या अंगणांत उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटखालीं बसलेला आहे. फरक इतकाच कीं, गिरणीचा पट्टा सर्वांच्या डोळ्यांसमोर फडफडत असे, आणि हा मात्र तुटेपर्यंत कोणी पाहत नाहीं.

मोटारीचें एंजिन स्वतःच्या बळावर फिरतें हें खरें. परंतु त्याला थंड ठेवणारा पाण्याचा पंप, बॅटरी भरणारा आल्टर्नेटर, ज्याला आपल्याकडील पुष्कळ मेकॅनिक अजूनहि डायनेमोच म्हणतात, आणि उन्हाळ्यांत गारवा देणारा एसीचा कॉम्प्रेसर, हीं सारीं एंजिनाच्या टोंकाच्या पुलीवरून पट्ट्यानें फिरविलीं जातात. जुन्या ढंगाच्या गाड्यांत स्टिअरिंग हलकें करणारा तेलाचा पंपहि याच पट्ट्यावर असतो. हल्लींच्या बहुतेक लहान गाड्यांत तें काम विजेची मोटर करते. आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. कांहीं डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा हवा ओढण्याचा पंप आल्टर्नेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. अशा गाडीचा पट्टा तुटला, तर दोन-चार वेळां ब्रेक दाबल्यानंतर पायाखालचें पेडल दगडासारखें कठीण होतें. ब्रेक नाहींसा होत नाहीं, परंतु तो लागावा म्हणून दोन्ही पायांचें बळ लावावें लागतें. घाट उतरतांना ही माहिती कामीं येते.

घाटाची गोष्ट निघाली ती सहज निघाली नाहीं. बुलढाण्याला रेल्वे नाहीं. मुंबईहून किंवा नागपूरहून येणारा पाहुणा मलकापूर स्टेशनवर उतरतो आणि मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून सुमारें ४५ किलोमीटरांवरील बुलढाण्यास पोहोंचतो. मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यांत, सपाट व तापट. बुलढाणें अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर. मे महिन्यांत खालीं पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतांना, पांच माणसें व त्यांच्या बॅगा घेऊन, खालच्या गिअरवर, एसी चालू ठेवून गाडी हा चढ चढते, तेव्हां पाण्याच्या पंपाला, आल्टर्नेटरला आणि कॉम्प्रेसरला एकाच वेळीं सर्वांत अधिक शक्ति हवी असते. झिजलेला पट्टा सपाट रस्त्यावर महिनोन्महिने निभावून नेईल. तो घसरावयाचा अथवा तुटावयाचा तो नेमका अशाच ठिकाणीं. पंप थांबला कीं पाणी उकळतें, आणि चालक वेळींच थांबला नाहीं तर एंजिनाचें डोकें वांकडें होऊन हजारों रुपयांचा भुर्दंड बसतो. पैशांचें तरी एक वेळ सोसतां येईल. आपल्या जिल्ह्यांतील कुटुंबें गंभीर दुखण्यासाठीं अकोल्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास जातात, आणि तीं बहुधा रात्रींच निघतात. मागच्या आसनावर आजोबा धांपा टाकीत असतांना मधल्या माळावर गाडी थांबणें म्हणजे काय, हें विस्तारानें लिहिण्याचें कारण नाहीं.

पट्टा पकडतो कसा, हें एकदां समजलें कीं पुढील सर्व सूचना आपोआप समजतात. म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें सांगतों. खुंट्याला दाव्याचे दोन वेढे दिले कीं लहान पोरगाहि उधळलेल्या गोऱ्ह्याला धरून ठेवतो, हें आपल्या भागांत सर्वांनीं पाहिलेलें आहे. ऑयलर नांवाच्या स्विस गणित्यानें अठराव्या शतकांत या गोष्टीचें गणित मांडलें. पट्ट्याच्या एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूच्या ताणाच्या किती पट होऊं शकेल, हें घर्षण आणि वेढ्याचा कोन या दोहोंवर अवलंबून असतें. आणि तें बेरजेनें नव्हे, गुणाकारानें वाढतें. घर्षणाचा अंक ०.३ धरला, तर सपाट पुलीवरील अर्ध्या वेढ्यास हें प्रमाण सुमारें अडीच पट येतें, पुऱ्या वेढ्यास साडेसहा पट, आणि दोन वेढ्यांस त्रेचाळीस पट! खुंट्याचें सामर्थ्य तें हेंच.

परंतु पट्ट्याला पुलीवर दोन वेढे देतां येत नाहींत; अर्ध्या वेढ्यावरच भागवावें लागतें. जिनांतील पुल्या मोठ्या व पट्टे रुंद असल्यानें तेथें निभावलें. मोटारींत जागा अरुंद. यावर उपाय निघाला तो पाचरीचा. १९१७ च्या सुमारास अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं जॉन गेट्स यानें रबर व सूत यांचा, दोन्ही कडा तिरप्या असलेला पट्टा केला. हा पट्टा पुलीच्या खाचेच्या तळाशीं टेकत नाहीं. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीप्रमाणें रुततो. खाचेचा कोन ४० अंशांचा धरल्यास, त्याच ०.३ घर्षणांकावर, अर्ध्या वेढ्यांतच प्रमाण अडीच पटींवरून पंधरा पटींच्याहि वर जातें. अँबॅसडर, पद्मिनी आणि १९८३ सालीं आलेली मारुती ८०० या गाड्यांत हाच पट्टा होता. पुढें १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून रुंद, पातळ आणि आंतून उभ्या धारा असलेला पट्टा रूढ झाला. पुष्कळ लहान पाचरी एका पट्ट्यावर ओळीनें बसविल्या अशी कल्पना केली म्हणजे तो डोळ्यांसमोर येईल. पातळ असल्यामुळें तो लहान पुलीभोंवतीं सहज वळतो, पाठीकडूनहि पुली फिरवितो, आणि एकटाच चार-पांच यंत्रांना पुरा पडतो.

आतां यावरून झीज ओळखण्याची खूण सांगतां येते. व्ही-पट्ट्याच्या कडा झिजल्या कीं तो खाचेंत खोल बसूं लागतो. नवा पट्टा पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित् वर असतो. जुना काठाखालीं बुडालेला दिसतो, आणि तळाला टेकला म्हणजे पाचर संपली, राहिला तो केवळ सपाट पट्टा. मग तो कितीहि ताणला तरी घसरणारच. पुष्कळ लोक अशा वेळीं बोल्ट सैल करून पट्टा पुनःपुन्हां ताणतात. त्यानें पट्टा सुधारत नाहीं. पंपाचें व आल्टर्नेटरचें बेअरिंग मात्र लवकर जातें.

धारांच्या पट्ट्याची परीक्षा थोडी निराळी आहे. पूर्वींचे पट्टे निओप्रीनचे असत. हें कृत्रिम रबर १९३० सालीं अमेरिकेंत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत निघालें. जुनें झालें कीं त्याला आडव्या भेगा पडतात, आणि एका धारेवर तीन इंचांत तीन-चार भेगा दिसल्या कीं पट्टा बदलावा असा साधा नियम होता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याची जागा ईपीडीएम नांवाच्या रबरानें घेतली आहे. हें रबर दीड लाख किलोमीटरांपर्यंत टिकण्याच्या हिशेबानें केलेलें असतें आणि त्याला सहसा भेगा पडत नाहींत. म्हणूनच तें फसवें आहे. मोटारीच्या टायराप्रमाणें तें भेगांवांचून झिजतें. धारांमधील खाचा रुंद होत जातात, आणि वरवर पाहणारास पट्टा अगदीं ठणठणीत वाटतो. पट्टा उलटा करून बोटानें धारा चांचपाव्या. नव्या पट्ट्याच्या धारांचे माथे सपाट व खाचा अरुंद लागतात; जुन्याच्या धारा बारीक व टोंकदार झालेल्या असतात. कडेचे दोरे सुटलेले, धारेचा तुकडा उडालेला, पाठ कांचेसारखी चकचकीत झालेली, किंवा एंजिनांतील तेल झिरपून रबर फुगलेलें आढळलें, तर किलोमीटरांचा हिशेब पाहत बसूं नये.

कानांनाहि पुष्कळ कळतें. सकाळीं गाडी सुरू करतांच, पहिल्या पावसानंतर, किंवा एसीचें बटण दाबतांच किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा घसरत आहे. एक सोपी कसोटी आहे : गाडी जागेवर उभी व चालू असतांना, हातभर अंतरावरून, फवारणीच्या बाटलीनें पट्ट्याच्या आंतील बाजूवर थोडें पाणी मारावें. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेंत नाहींत; वाढला तर पट्टा सैल अथवा झिजलेला आहे. जिनांत चामड्याच्या पट्ट्यास राळ लावीत; ती आठवण ठेवून अजूनहि कोणी साबण, कोणी राळ, कोणी बाजारांतील चिकट फवारा पट्ट्यावर मारतात. धारांच्या पट्ट्यावर असलें कांहीं लावूं नये. आवाज चार दिवस बंद होतो, धूळ मात्र कायमची चिकटते. आणि आपल्याकडे कापसाच्या दिवसांत रस्त्यावर तंतूंचा तुटवडा नसतो.

आतां मुख्य प्रश्न. हें काम घरीं करावें काय? लेखणी धरणाऱ्या आपल्या घरांतून हाताला तेल लागलें कीं आंघोळ करण्याची जी घाई होते, ती पाहतां हा प्रश्न यंत्राचा कमी व संवयीचा अधिक आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यांत्रिक आरेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, तेव्हां मास्तरांनीं हात काळे करावे हें त्यांच्याहि परिचितांस विचित्रच वाटलें असेल. पुढें त्याच हातांनीं लोखंडी नांगर केला. आपणांस कारखाना काढावयाचा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या घरीं दोन पाने, एक जॅक आणि पुस्तक वाचून समजून घेणारें एक माणूस आहे, तेथें साध्या गाडीचा बाहेरील पट्टा बदलणें हें एका सकाळचें काम आहे. चिखलीचा किंवा मेहकरचा चांगला मेकॅनिक तेंच काम अर्ध्या तासांत करील, आणि त्याला त्याची मजुरी आनंदानें द्यावी. परंतु ज्यानें एकदां स्वतः पट्टा बसविला आहे त्याला रस्त्यावर काय झालें तें कळतें, आणि झिजलेला पट्टा बॉनेट उघडतांच ओळखतां येतो. हें शिक्षण घरांतील मुलग्यांनाच द्यावें असेंहि नाहीं. गाडी जर सुनबाई चालवीत असेल तर बॉनेटहि तिनेंच उघडावें.

मात्र कांहीं गाड्यांना घरीं हात लावूं नये. कित्येक एंजिनांच्या आंत, झांकणाखालीं, दातांचा एक पट्टा असतो; त्याच्यावर झडपांची उघडझांप अवलंबून असते. तो चुकीचा बसला तर कित्येक एंजिनांत झडपा व दट्ट्या यांची टक्कर होऊं शकते. तें काम ज्याचें आहे त्याचेंच. तसेंच कांहीं नव्या गाड्यांतील पट्टे ताणूनच चढविण्याचे असतात; त्यांना ताण देणारा बोल्टच नसतो आणि ते खास हत्याराशिवाय नीट चढत नाहींत. हायब्रिड गाड्यांत उच्च दाबाच्या विजेचा प्रश्न येतो. निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाडीला एंजिनच नाहीं, तेव्हां हा लेख त्या घरांनीं सोडून द्यावा!

पट्टा विकत घेतांना गाडीचें नांव सांगून भागत नाहीं. जुन्या पट्ट्याच्या पाठीवर छापलेले आंकडे पाहावे. उदाहरणार्थ, ४ पीके ८५० म्हणजे चार धारांचा, पीके जातीचा, ८५० मिलिमीटर लांबीचा पट्टा. धारांची संख्या व लांबी दोन्ही जुळलीं पाहिजेत. जुना पट्टा थोडा ताणलेला असतो, म्हणून नुसता शेजारीं धरून मापूं नये. छापील आंकडा प्रमाण मानावा. नामांकित कंपन्यांच्या नांवाचे बनावट पट्टे बाजारांत येतात. ओळखीच्या दुकानांतून, पावती घेऊन आणावा. पट्टा कांहीं शें रुपयांचाच असतो, तेथें काटकसर करूं नये.

कामाला सकाळ निवडावी, गाडी रात्रभर थंड झालेली असावी. जागा सपाट व टणक हवी. ही सूचना आपल्या काळ्या मातीच्या मुलखांत विशेष महत्त्वाची आहे. पावसाळ्यांत अंगणाची माती वरून कोरडी दिसते आणि जॅकचा पाय तिच्यांत हळूहळू उतरतो. फरशी नसेल तर जॅकखालीं जाड फळी घालावी. गाडी न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. किल्ली काढून कामकर्त्यानें स्वतःच्या खिशांत ठेवावी, खुंटीवर नव्हे. एकत्र कुटुंबांत खुंटीवरची किल्ली कोण केव्हां घेईल याचा नेम नसतो. नंतर बॅटरीची ऋण तार सोडावी. हें अवश्य करावें, कारण कित्येक गाड्यांत रेडिएटरचा विजेचा पंखा एंजिन बंद असतांनाहि आपोआप फिरूं लागतो. बॅटरीला हात लावण्यापूर्वींच आंगठी, घड्याळ व बांगड्या उतरवून ठेवाव्या. उपरणें नको, पदर खोंचलेला व केस बांधलेले असावे. पट्टा म्हणजे साधी वस्तु समजूं नये. १३ सेंटिमीटर व्यासाची पुली मिनिटाला ३,००० फेरे घेत असतां पट्टा ताशीं ७० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असतो, आणि बोट व पुली यांत तो भेद करीत नाहीं.

जुना पट्टा काढण्यापूर्वीं तो कोणत्या पुलीच्या वरून व कोणत्या पुलीच्या खालून गेला आहे त्याचें चित्र काढून ठेवावें. फोनवर छायाचित्र घ्यावें हें तर झालेंच; पण कागदावर स्वतः काढलेल्या चित्रानें जें समजतें तें छायाचित्रानें समजत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. कांहीं गाड्यांत बॉनेटच्या आंतील बाजूस हें चित्र चिकटविलेलेंहि असतें.

साध्या रचनेंत आल्टर्नेटर खालच्या एका बोल्टवर झोंका घेऊं शकतो आणि वर लांब खांच असलेल्या पट्टीनें घट्ट केलेला असतो. हे बोल्ट पुष्कळ लहान गाड्यांत १२ व १४ मिलिमीटरांच्या पान्याचे असतात. दोन्ही सैल करावे, काढूं नयेत. आल्टर्नेटर एंजिनाकडे ढकलला कीं पट्टा ढिला पडतो व हातानें निघतो. एसीचा पट्टा त्याच्या पुढें असेल तर आधीं तो काढावा लागतो. कित्येक गाड्यांत वरून हात पोहोंचत नाहीं. पुढचें एका बाजूचें चाक काढून आंतील पत्रा किंवा प्लॅस्टिकचा पडदा दूर करावा लागतो. अशा वेळीं गाडी केवळ जॅकवर ठेवून हात आंत घालूं नये. खालीं लोखंडी घोडी लावून तिच्यावर भार द्यावा. ज्या गाडींत स्प्रिंगनें आपोआप ताण देणारी पुली असते तेथें लांब दांड्याचा पाना लावून ती मागें ओढावी, पट्टा उतरवावा, आणि पुली हळूहळू सोडावी. झटक्यानें सोडली तर बोटांची खैर नाहीं.

पट्टा निघाला कीं नवा लगेच चढविण्याची घाई करूं नये. सर्वांत उपयुक्त पांच मिनिटें हींच. प्रत्येक पुली हातानें फिरवून पाहावी. आल्टर्नेटर गुळगुळीत व निःशब्द फिरला पाहिजे. आंत वाळू असल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंग गेलें. पाण्याच्या पंपाची पुली पुढें-मागें हलवून पाहावी. ती डुगडुगली किंवा दांड्याखालीं गंजाची वा हिरवट पाण्याची ओघळ दिसली, तर पंप बदलल्यावांचून नवा पट्टा घालणें व्यर्थ आहे. पुलीच्या खाचांतील धूळ, खडे व कापसाचे तंतू कोरड्या ब्रशानें काढावे. रॉकेल किंवा पेट्रोल यांना पट्ट्याजवळ येऊं देऊं नये. जुना पट्टा तेलानें भिजलेला असेल तर तेल कोठून येतें त्याचा शोध प्रथम; नाहींतर नवा पट्टाहि त्याच मार्गानें जाईल.

नवा पट्टा चित्राप्रमाणें फिरवून शेवटीं सर्वांत सोयीच्या पुलीवर चढवावा. स्क्रूड्रायव्हरनें ओढून-ताणून चढवूं नये. आंतील दोरे तुटतात, आणि बाहेरून तें दिसत नाहीं. त्याहून वाईट म्हणजे एकानें पट्टा पुलीच्या काठावर धरावा व दुसऱ्यानें स्टार्टर मारावा, ही कांहीं ठिकाणीं पाहावयास मिळणारी रीत. तींत बोटें गेलेलीं आहेत. प्रत्येक धार प्रत्येक खाचेंत बसली आहे कीं नाहीं, हें सर्व पुल्यांवर, मागून व खालून, बोट फिरवून पाहावें. एक धार बाहेर राहिली तर पट्टा एका दिवसांत कडेनें फाटतो.

आतां ताण. लांकडाचा दांडा आल्टर्नेटरच्या मजबूत कवचाला लावून तो बाहेरच्या बाजूस रेटावा; पातळ पाकळ्यांवर जोर देऊं नये. वरचा बोल्ट अर्धवट आवळावा आणि दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर आंगठ्यानें दाबून पाहावें. सुमारें १० किलोच्या दाबानें पट्टा किती मिलिमीटर वांकावा हें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. लहान गाड्यांत हा आंकडा बहुधा सहा-सात ते नऊ-दहा मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. पण पुस्तक सांगेल तें खरें. पुस्तक हाताशीं नसेल तर तोच लांब भाग दोन बोटांनीं पिळून पाहावा; पाव फेरा वळला व त्यापुढें नेटानें अडला तर ताण बरोबर समजावा. १० किलो म्हणजे किती हें ज्यांच्या आंगठ्यास समजत नाहीं त्यांनीं घरांतील वजनकाट्यावर एकदां आंगठा दाबून पाहावा. मुलांना हा खेळ आवडतो. ताण कमी राहिला तर पट्टा किंचाळेल व ती चूक लगेच कळेल. जास्त झाला तर तो कांहीं बोलत नाहीं, परंतु सहा महिन्यांत पंपाचें बेअरिंग खातो. म्हणून नवशिक्याचा हात ‘आणखी थोडा घट्ट’ कडे वळतो तेथेंच त्याला आवरावा.

दोन्ही बोल्ट पुरते आवळले, हत्यारें मोजून बाहेर घेतलीं, मग बॅटरीची तार जोडावी. बॉनेट उघडें ठेवून, सर्वांना दूर उभें करून, गाडी सुरू करावी. पट्टा नागमोडी न चालतां एका रेषेंत धांवला पाहिजे. व्होल्टमीटर असेल तर बॅटरीच्या टोंकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टांच्या आंतबाहेर दाब दिसावा. पंधरा-वीस मिनिटें चालवून, बंद करून, थंड झाल्यावर ताण पुनः पाहावा; व्ही-पट्टा पहिल्या कांहीं दिवसांत किंचित् बसतो, म्हणून दोन-तीनशें किलोमीटरांनंतर आणखी एकदां.

इतकें करूनहि पट्टा रस्त्यांत तुटला तर? पहिली खूण म्हणजे समोरच्या पट्टीवर बॅटरीचा तांबडा दिवा. तो लागला कीं एसी बंद करावा, उष्णतेच्या कांट्याकडे लक्ष ठेवावें, आणि जवळच्या सुरक्षित जागीं थांबावें. कांटा वर चढूं लागला तर ‘पुढचें गांव दोनच किलोमीटर आहे’ असा विचार करूं नये. रेडिएटरचें झांकण गरम असतांना उघडूं नये; वाफेनें चेहरा भाजतो. ज्या गाडीचा पाण्याचा पंप या पट्ट्यावर नाहीं ती दिवसा केवळ बॅटरीवर थोडें अंतर जाऊं शकेल. रात्रीं मोठे दिवे लावल्यावर तो भरंवसा नको. पट्ट्याऐवजीं स्त्रियांचा नायलॉनचा मोजा बांधून गाडी घरीं आणल्याच्या गोष्टी परदेशांत पुष्कळ ऐकूं येतात. जुन्या व्ही-पुलीवर, अगदीं मंद गतीनें, असलें कांहीं कांहीं मैल चालत असेल. आजच्या धारांच्या पुल्यांवर त्याचा उपयोग नाहीं.

समृद्धि महामार्गावर या गोष्टीचा विशेष विचार करावा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरांचा सर्व रस्ता वाहता आहे. मेहकर व सिंदखेड राजा हे तालुके त्यामुळें नागपूर-मुंबईच्या हमरस्त्यावर आले. परंतु जुन्या रस्त्यावर जशीं दर पांच-दहा मैलांनीं गॅरेजें व टपऱ्या लागत, तसें तेथें नाहीं. रस्ता दोन्हीकडून बंदिस्त आहे आणि शेजारून गाड्या ताशीं शंभराच्या वेगानें जातात. तेथें पट्टा तुटल्यास गाडी डाव्या कडेला घेऊन, दिवे लुकलुकते ठेवून, सर्व मंडळींनीं गाडींतून उतरून कठड्यापलीकडे उभें राहावें व ११२ या क्रमांकावर मदत मागावी. पट्टा बदलण्याची विद्या त्या जागीं दाखवूं नये. ती आदल्या रविवारीं अंगणांत दाखवावयाची असते.

काढलेल्या पट्ट्याविषयीं दोन शब्द. तो केवळ वयामुळें बदलला असेल व धडधाकट असेल, तर पुसून, कोरड्या पिशवींत गुंडाळून डिकींत ठेवावा; अडचणींत गांवापर्यंत पोहोंचवील. झिजलेला असेल तर कांटछाट करून टाकावा, म्हणजे कोणी पुनः वापरणार नाहीं. पाण्याच्या बंबांत मात्र घालूं नये. त्या काळ्या धुरानें घरांतील वृद्धांच्या छातीस त्रास होतो. आणि नवा पट्टा बसविल्याची तारीख व मीटरचा आंकडा एका कागदावर लिहून तो बॉनेटच्या आंतील बाजूस चिकटवावा. पुढच्या वेळीं बॉनेट उघडणारें माणूस बहुधा दुसरेंच असतें.